वहीतली माणसं

थोर चित्रकारांच्या मोठ्या चित्रांपुढे उभं राहिलं की आपण आदराने दोन पावलं मागे सरतो. त्यांच्याच वहीतली रेखाटनं पाहताना मात्र जवळ जावंसं वाटतं. असं का होत असावं? या प्रश्नाशी मला नेहमी आंत्वान वातो आठवतो.

हा फ्रेंच चित्रकार. जन्म १६८४, मृत्यू १७२१. उणंपुरं ३६ वर्षांचं आयुष्य, तेही आजारपणाने पोखरलेलं. बागेत रमलेली नटलेली माणसं, गाणं-बजावणं, अशा चित्रांसाठी तो प्रसिद्ध. त्याचा मित्र केल्युस याने १७४८ साली पॅरिसच्या कला अकादमीत त्याच्यावर व्याख्यान दिलं. त्यात तो सांगतो, की वातो बांधीव वह्यांत रेखाटनं करी, म्हणजे ती कायम हाताशी राहत. त्याच्याकडे नाटकातले कपडे असत. जो कुणी तयार होईल त्याला ते घालायला द्यायचे आणि तो सहज जसा बसेल-उभा राहील तसा टिपायचा. कुठल्या चित्रासाठी, हे बहुधा ठरलेलं नसे. पुढे चित्र काढताना वही चाळायची आणि त्यातलीच माणसं निवडायची.

लाल, काळा आणि पांढरा, एवढे तीनच खडू. लाल आपल्या गेरूसारखा. एकाच कागदावर एकच स्त्री समोरून, बाजूने, पाठमोरी. मानेवरचे केस, कानामागची सावली. गिऱ्हाईक नाही, मानधन नाही, फक्त बघणं!

शाळेत असताना मी वह्या तपासायचे. पुढची पानं माझ्यासाठी लिहिलेली असत. मूल कळायचं ते शेवटच्या पानावर. वातोच्या वह्या म्हणजे सगळी शेवटचीच पानं.

मग दुसऱ्याची अशी पानं आपण पाहावीत का? मला हा प्रश्न खरंच पडतो. केल्युस म्हणतो, काही चित्रं वातोला सभ्यतेला सोडून वाटली, ती त्याने मरणापूर्वी परत मागवून जाळली. रेखाटनं मात्र चार मित्रांत वाटून दिली. त्यांतल्या झाँ द झ्युलिएनने १७२६ ते १७२८ या काळात सुमारे ३५० रेखाटनं कोरून घेऊन दोन खंडांत छापली. शंभराहून अधिक कोरली तरुण बूशेने, जो पुढे स्वतः नामवंत चित्रकार झाला. मूळ वह्या सुट्या झाल्या, पानं देशोदेशीच्या संग्रहालयांत विखुरली. झ्युलिएनच्या खंडांनी त्यांतली पुष्कळ माणसं एकत्र ठेवली.

काय लपवायचं आणि काय मागे ठेवायचं हे ज्याने स्वतः ठरवलं, त्याची वही उघडताना संकोच कशाला?

त्यातल्या बहुतेक माणसांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. पण तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्याकडे इतक्या मायेने पाहिलं होतं, एवढं नक्की कळतं. आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला तेवढं येतं?