वाडा, सोसायटी आणि अपार्टमेंट



गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या नणंदेचा सांगलीहून फोन आला. भावजींना जाऊन दीड वर्ष झालं. वाड्यातला वाटा विकून तिला पुण्यात, मुलाच्या जवळपास, दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा आहे. दोन जागा पसंत पडल्यात. म्हणाली, "वहिनी, तू कॉमर्सवाली. एक सोसायटीत आहे, एक अपार्टमेंटमध्ये. किंमत सारखीच. फरक काय गं दोन्हींत?"

मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. मग वाचायला बसले तर एका संध्याकाळचं कामच नव्हतं ते. निम्म्या आयुष्याची पुंजी घालायची आहे तिला आणि पुन्हा कमवायचं वय नाही. म्हणून जे सापडलं ते तुमच्यासाठीही लिहिते.

आपल्याला वाटतं फ्लॅट म्हणजे आत्ताआत्ताची गोष्ट. पण मूळ शंभर वर्षांमागे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. मग १८९८ मध्ये सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते आणि मोकळे भूखंड करायला. गावदेवीचा भाग त्यातच आखला गेला. तिथेच १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी केली. कारवारकडून नोकरीसाठी आलेली मध्यमवर्गीय माणसं, एकेकट्याला घर बांधणं अशक्य. तेव्हा सगळ्यांनी मिळून पैसे घालायचे, इमारत सोसायटीची, आणि सभासदाला राहण्याचा हक्क. १९१२ च्या सहकार कायद्यानं कर्जाखेरीज इतर कामांसाठीही संस्था काढायला वाट दिली होती, तिचा त्यांनी उपयोग केला.

इथे थांबून एक नीट समजून घ्या, कारण नणंदेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर असते. आपल्या हातात असतो भागदाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. आमच्या कपाटातलं पन्नास रुपयांच्या पाच भागांचं आहे, अडीचशे रुपयांचं. त्या अडीचशेच्या कागदावर आमचं घर उभं आहे म्हटलं तर हसाल, पण तसंच आहे.

त्यानंतर मोठा फरक पाडला तो १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं. भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूंना आधार मिळाला हे खरं. पण मालकाला डागडुजी परवडेना, आणि भाड्यानं देण्यासाठी नवं घर बांधायला कोणी धजेना. मी १९८२ साली लग्न होऊन रविवार पेठेतल्या वाड्यात आले, तेव्हा आम्ही तीन खोल्यांचं भाडं बावीस रुपये देत होतो. पावसाळ्यात चार ठिकाणी पातेली ठेवावी लागत. मालकांना बोलायची सोय नव्हती, बावीस रुपयांत ते तरी कौलं कुठून आणणार? पुण्यात तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दिवसात बसले. सासूबाई त्या दिवसाबद्दल सांगताना अजूनही आवाज खाली आणत.

भाड्याचं घर मिळेना म्हणून लोक घर विकत घ्यायला लागले, आणि घर विकणाऱ्यांत नाना प्रकारची माणसं निघाली. पैसे घ्यायचे, कागद द्यायचे नाहीत, एकच जागा दोघांना विकायची. म्हणून १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. करार लिहून त्याची नोंदणी करायची, सोसायटी स्थापून द्यायची आणि जमिनीचं खरेदीखत, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात, तिच्या नावे करून द्यायचं, हे बिल्डरवर बंधन आलं.

बंधन आलं म्हणजे पाळलं गेलं असं नाही. आम्ही १९९१ मध्ये फ्लॅटमध्ये आलो. सोसायटी झाली, भागदाखले मिळाले, पेढे वाटले. कन्व्हेयन्स मात्र बिल्डरनं "करू की" म्हणत वीस वर्षं लांबवलं. आम्ही बायका जिन्यातल्या दिव्यावरून भांडत होतो, आणि पायाखालची जमीन कागदावर दुसऱ्याचीच होती! पुनर्विकासाची बोलणी निघाली तेव्हा कळलं. २००८ च्या दुरुस्तीनं 'मानीव अभिहस्तांतरण' आलं, म्हणजे बिल्डर येत नसेल तर सरकारी अधिकाऱ्यापुढे अर्ज करून सोसायटीनं ते मिळवायचं. आम्ही त्या वाटेनं गेलो. चपला झिजल्या पण मिळालं.

आता अपार्टमेंट. नावावर जाऊ नका, पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिलेल्या कितीतरी इमारती सोसायट्याच असतात. मी म्हणते ते १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं. अमेरिकेत याला कॉन्डोमिनियम म्हणतात. पोर्तो रिको बेटावर १९५८ साली त्याचा कायदा झाला आणि १९६१ नंतर ती पद्धत अमेरिकेत भराभर पसरली. यात फ्लॅट स्वतःच्या मालकीचा, 'डीड ऑफ अपार्टमेंट' नावावर. जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येकाचा न वाटलेला टक्केवारीचा हिस्सा, आणि तो फ्लॅटपासून तोडून वेगळा विकता येत नाही. ही टक्केवारी 'डिक्लरेशन' नावाच्या कागदात लिहिलेली असते.

व्यवहारात काय होतं? सोसायटीत एक सभासद, एक मत. दोन खोल्यांची बाई आणि वरच्या मजल्यावरचे चार खोल्यांचे शेठ, दोघांचा हात सारखाच वर होतो. अपार्टमेंटमध्ये मत टक्केवारीच्या वजनानं. सोसायटीत फ्लॅट विकताना ट्रान्सफर प्रीमियम द्यावा लागतो (कमाल पंचवीस हजार), भाड्यानं दिलात तर नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. अपार्टमेंटवाल्याला हे दोन्ही जाच नाहीत. उद्या जागा भाड्यानं देऊन मुलाकडे जायचं मनात असेल तर अपार्टमेंट सोपं. पण नणंद स्वतः राहणार आहे, घर लहान आहे, सोबतीला बोलणारं कोणी नाही. तिच्या मताला पूर्ण किंमत असावी असं मला वाटलं. मी सोसायटी म्हटलं.

मग तिनं खरा प्रश्न काढला. "वहिनी, आपल्याच लोकांची सोसायटी मिळेल का कुठे?"

याला कायद्याचा आधार आहे. अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००५ साली कोर्टानं सांगितलं की सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी बेकायदा नाही. तालमकींची सोसायटीही नावातच सारस्वत होती. परक्या शहरात आपली माणसं जवळ हवीशी वाटतात, त्यात मला वावगं दिसत नाही. पण वाड्यात आमच्या समोर मटण शिजवणारं बिऱ्हाड होतं. सासूबाई रविवारी खिडकी लावून घेत, बोलणं कधी बंद केलं नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी रात्री दोनला टांगा आणायला त्याच घरचे भाऊ धावले. तेव्हापासून 'फक्त आपले' म्हणणारी पाटी वाचली की मला ते भाऊ आठवतात. नणंदेला हे सगळं सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "सूर्यास्ताआधी जेवायला वेळेवर पाणी येईल ना, एवढं बघ."

पाण्याचं मात्र खरंच बघावं लागतं. वाड्यात आड होता, पाणी गाळून कापडावरचं उरलेलं परत आडात सोडता येई. टाकीच्या नळाला ती सोय नाही, हे मनाशी मान्य करूनच या. गाळणं दुहेरी सुती कापडाचं घ्या आणि दोन ठेवा. फ्लॅटमध्ये कापड एका दिवसात कडकडीत वाळत नाही. टाकी शेवटची कधी धुतली ते वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नको. पापड-कुरडया करत असाल तर गच्चीची किल्ली कोणाकडे असते तेही विचारून घ्या. बाल्कनीत ऊन कोणत्या वेळी येतं ते सकाळी नवाला आणि दुपारी तीनला, दोनदा जाऊन बघा. स्वयंपाकघराच्या मागची भिंत हाताला थंड लागली तर ओल आहे, रंग कितीही नवा असो. आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा. सिंकिंग फंड बांधकामखर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का आणि दुरुस्ती फंड पाऊण टक्का जमायला हवा. मेंटेनन्स फार कमी आहे म्हणून हुरळू नका, आमच्याकडे कमी होता म्हणूनच लिफ्टच्या वेळी एकदम वर्गणी काढावी लागली.

परवा नणंद जागा परत बघून आली. ऊन चांगलं आहे म्हणाली, शेजारच्या कोकणस्थ आजींनी चहा दिला. कन्व्हेयन्सची प्रत मागितली तर विकणारे म्हणाले, आठवड्यात देतो. आज दहावा दिवस. टोकनचा चेक तिनं लिहून ठेवलाय, तो अजून तिच्या पर्समध्येच आहे.