गिरडची सुपारी आणि घरांतील चित्रसंग्रह

वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्यांत गिरड म्हणून एक गांव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदु व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक तेथें श्रद्धेनें येतात. या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे वाटोळे दगड विखुरलेले आढळतात. भूशास्त्रज्ञ सांगतात कीं, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत साचून बनलेल्या झिओलाइट जातीच्या खनिजाच्या या गोळ्या होत. लोकांची कथा निराळी आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं फकिराची थट्टा केली, तेव्हां त्यानें त्यांचा सारा माल दगड करून टाकला. पुढें ते शरण आले, तेव्हां वाळलेल्या पाल्यापासून त्यांस नवा माल करून दिला, आणि ते दोघे कायमचे त्याच्या सेवेस राहिले. या कथेचा पूर्वार्ध पुष्कळांस ठाऊक असतो. उत्तरार्धाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाहीं. प्रस्तुत लेखाचा संबंध आहे तो त्या उत्तरार्धाशींच.

गेल्या उन्हाळ्यांत गिरडच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. जेवणें झाल्यावर त्यानें एक लोखंडी पेटी आमच्यापुढें आणून उघडली. तींत त्याच्या परलोकवासी वडिलांनीं जमविलेल्या चित्रपटांच्या तबकड्या होत्या, बहुतेक व्ही.सी.डी., थोड्या डी.व्ही.डी., आणि तळाशीं घरच्या समारंभांच्या, वर नुसत्या शाईनें तारखा लिहिलेल्या. तो म्हणाला, "सर, बाबांनीं हें सारें हौसेनें जमविलें. यांतलें काय ठेवावें? आणि पुढें घ्यावयाच्या तर कोणत्या प्रकारच्या तबकड्या घ्याव्या?" प्रश्न दिसावयास बाजारहाटाचा, परंतु त्याचें उत्तर इतिहासांत शिरल्यावांचून देतां येत नाहीं, असें आम्हांस तत्काळ दिसून आलें.

चित्रपट हा घरांत ठेवावयाचा पदार्थच नव्हे, अशी पूर्वींची समजूत होती. ग्रंथ कपाटांत ठेवतां येई, गाण्याची तबकडी ग्रामोफोनशेजारीं ठेवतां येई. चित्रपट मात्र थिएटरांत पाहावयाचा आणि आठवणींत ठेवावयाचा. ज्यांच्यापाशीं तो खरोखर असे, त्यांनाही तो नीट राखतां आला नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत लोकांपुढें आला. त्याच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच आज उपलब्ध आहेत; आणि तींही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. त्या काळचीं रिळें नायट्रेटचीं, म्हणजे स्फोटक दारूच्याच कुळांतलीं असत. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें व जतनाचें कार्य नीट सुरू झालें. तरीही जानेवारी २००३ मध्यें प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठारास आग लागून पुष्कळ रिळें भस्मसात झालीं. हें सर्व ध्यानांत घेतलें म्हणजे 'संत तुकाराम' आपल्या दिवाणखान्यांत हवा तेव्हां पाहतां येणें ही केवढी मोठी गोष्ट आहे, हें कळून येतें.

ही सोय प्रथम फितीनें आणली. १९७५ सालीं सोनीनें 'बीटामॅक्स' फीत काढली व पुढल्याच वर्षीं जे.व्ही.सी.नें 'व्ही.एच.एस.' फीत काढली. पहिलीचें चित्र अधिक सुरेख, असें जाणते म्हणत. परंतु आरंभीं तिच्यांत एकच तास मावे, दुसरींत दोन तास मावत. लोकांनीं दुसरीच पत्करली. संपूर्ण चित्रपट एका फितींत बसावा, ही गृहस्थाची गरज शास्त्रज्ञाच्या सूक्ष्म दृष्टीपेक्षां बलवत्तर ठरली. तबकड्यांच्या पुढील इतिहासाची किल्ली येथेंच आहे.

१९७८ सालीं अमेरिकेंत लेसर किरणानें वाचावयाची तीस सेंटिमीटर व्यासाची चित्रतबकडी विक्रीस आली. ती देखणी होती, पण महाग व अवजड. आपल्याकडील सामान्य कुटुंबांपर्यंत ती पोहोंचली नाहीं. १९८२ सालीं फिलिप्स व सोनी यांनीं बारा सेंटिमीटरांची संगीताची लहान तबकडी आणली, आणि १९९३ सालीं त्याच आकारांत चित्र बसवून व्ही.सी.डी. निघाली. तिच्यांत सुमारें सव्वा तासाचें चित्र मावे, म्हणून एका चित्रपटास दोन आणि लांबलचक असल्यास तीन तबकड्या लागत. आपल्याकडच्या पद्धतींत चित्राच्या आडव्या रेषा अवघ्या २८८. गर्दीचें वा पावसाचें दृश्य आलें कीं पडद्यावर चौकोनी ठिगळें दिसूं लागत.

त्यानंतरची डी.व्ही.डी. १९९६ च्या अखेरीस जपानांत विक्रीस आली. तिच्या जन्माआधींच दोन तट पडले होते. एकीकडे तोशिबा व तिचे साथी, दुसरीकडे सोनी व फिलिप्स. संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनीं एकच प्रमाण ठरविण्याचा आग्रह धरला म्हणून १९९५ सालीं समेट झाला. अकरा वर्षांनीं तोच कलह पुन्हां उद्भवला, आणि या वेळीं मात्र समेट झाला नाहीं. २००६ सालीं तोशिबाची 'एच.डी. डी.व्ही.डी.' व सोनीच्या पक्षाची 'ब्लू-रे' अशा दोन तबकड्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. १९ फेब्रुवारी २००८ रोजीं तोशिबानें माघार जाहीर केली. ज्यांनीं पहिलीचीं यंत्रें विकत घेतलीं होतीं, त्यांच्यासाठीं नव्या तबकड्या निघणें थोड्याच काळांत थांबलें.

या तिन्ही पिढ्यांतील भेद समजण्यास फारसें गणित लागत नाहीं. तबकडीवर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल वाट असते आणि लेसर किरण ती वाचीत जातो. किरण जितका बारीक, तितकी वाट अरुंद कोरतां येते व तितका मजकूर अधिक मावतो. व्ही.सी.डी.चा किरण डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त जातीचा, डी.व्ही.डी.चा तांबडा, ब्लू-रेचा निळसर जांभळा. म्हणून डी.व्ही.डी.च्या एका थरांत ४.७ गिगाबाइट मावतात, तर ब्लू-रेच्या एका थरांत २५. चित्राच्या रेषा डी.व्ही.डी.वर ५७६, ब्लू-रेवर १०८०. २०१६ सालीं निघालेली '४के' ब्लू-रे याहीपुढें गेली. आकार मात्र चौघींचा एकच, बारा सेंटिमीटरांचा; म्हणूनच कपाटांत त्या सारख्या दिसतात व गृहस्थाचा घोटाळा होतो.

तर मग जींत रेषा अधिक ती घ्यावी, हें सरळ उत्तर कां नव्हे? त्याचें कारण आपल्या देशाच्या इतिहासांत आहे. आपल्याकडे तबकडी घरोघर गेली ती स्वस्ताईमुळें. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनें व्ही.सी.डी. २८ रुपयांस व डी.व्ही.डी. ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हां तिकिटाच्या पैशांत चित्रपटच घरीं येऊं लागला. गिरडच्या त्या पेटींतील पुष्कळ तबकड्या याच काळांतील होत्या. पुढें लोक चित्रपट तारेवरून व मोबाइलवर पाहूं लागले, तबकड्यांचा व्यापार आटला, आणि २०१८ सालीं त्याच कंपनीची मालमत्ता विकून देणीं फेडण्याचा आदेश न्यायाधिकरणानें दिला. परिणाम असा कीं, कित्येक मराठी चित्रपट व्ही.सी.डी.पर्यंत आले व तेथेंच थांबले. आमच्या स्वतःच्या कपाटांत एकाही मराठी चित्रपटाची ब्लू-रे नाहीं. केवळ चित्र अंधुक म्हणून व्ही.सी.डी. टाकून देणारा मनुष्य पुष्कळदां तबकडीबरोबर चित्रपटही टाकून देत असतो.

यावरून त्या विद्यार्थ्यास आम्हीं जो सल्ला दिला, तो येथें सांगतों. पहिली कसोटी अशी कीं, हा चित्रपट दुसऱ्या रूपांत मिळतो काय? मिळत नसेल तर व्ही.सी.डी. रत्नासारखी जपावी. मिळत असेल तर डी.व्ही.डी. घ्यावी, घरगुती संग्रहाचा कणा अद्यापि तीच आहे. ब्लू-रेसाठीं अधिक पैसे मोजावयाचे ते मूळ रिळांवरून चित्र नव्यानें उतरविलें असेल तेव्हांच. सत्यजित राय यांच्या अपु-चित्रत्रयीचीं मूळ रिळें १९९३ सालीं लंडनच्या आगींत होरपळलीं होतीं. तीं वर्षानुवर्षें सांधून २०१५ सालीं चित्रें पुन्हां उजळण्यांत आलीं. तेथें ब्लू-रेचें सार्थक होतें. जुनी अंधुक प्रतच मोठ्या तबकडीवर चढविली असेल, तर रेषा वाढतात, चित्र वाढत नाहीं.

दुसरी कसोटी यंत्राची. बहुतेक डी.व्ही.डी. यंत्रें व्ही.सी.डी. चालवितात; ब्लू-रे यंत्रें डी.व्ही.डी. चालवितात, पण व्ही.सी.डी. सर्वच चालवितात असें नाहीं. म्हणून नवें यंत्र आणल्यावर जुनें भंगारांत देऊं नये. शिवाय तबकड्यांसही प्रांतबंदी आहे. डी.व्ही.डी.साठीं हिंदुस्थान पांचव्या विभागांत व अमेरिका पहिल्या विभागांत आहे. ब्लू-रेच्या तीन विभागांत आपला 'सी' व अमेरिकेचा 'ए'. अमेरिकेंतील भाचीनें प्रेमानें पाठविलेली तबकडी येथें मुकी राहते, याचें कारण हें होय. '४के' तबकडीवर ही बंदी नाहीं.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि ती आम्ही स्वतः ठेंच लागून शिकलों. आमच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाची एक व्ही.एच.एस. फीत होती. तींत त्या जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या. त्यांच्या आवाजाची दुसरी खूण आमच्यापाशीं नव्हती. एका दुकानांत ती फीत कोऱ्या तबकडीवर उतरवून घेतली, आणि जागा अडते म्हणून मूळ फीत आम्हीं टाकून दिली. सात उन्हाळे गेल्यावर तबकडी यंत्रांत घातली, तों ती फिरत राहिली. पडद्यावर कांहीं उमटेना. दोष दुकानदाराचा नव्हता, आमचा होता. कारखान्यांत छापलेल्या तबकडीचे खळगे प्लॅस्टिकांतच दाबलेले असतात. घरीं वा दुकानांत भरलेल्या साध्या तबकडीवर मात्र किरणानें एका रंगद्रव्यावर डाग पाडलेले असतात, आणि ऊन व उष्णता यांनीं तें द्रव्य बिघडतें. ज्या वऱ्हाडांत व वर्ध्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, तेथें असल्या तबकडीवर विसंबून मूळ वस्तु टाकणें हा निव्वळ अविचार होय. दोन्ही तबकड्या दिसावयास सारख्याच. पण एक शिलालेख, तर दुसरी रांगोळी.

यावर कोणी म्हणेल, मग न बिघडणारीच तबकडी घ्यावी. तशी तबकडीही निघाली आहे. २०१० च्या सुमारास अमेरिकेंत 'एम-डिस्क' या नांवाची तबकडी आली. तिचा थर दगडासारखा असून ती हजार वर्षें टिकेल, असा तिच्या निर्मात्यांचा दावा होता. तो खरा असेलही. परंतु ती काढणारी कंपनी २०१६ सालींच बुडाली. सोनीनेंही फेब्रुवारी २०२५ मध्यें कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनविणें थांबविलें. हजार वर्षांची तबकडी वाचावयास शंभर वर्षांनीं यंत्र कोठून आणावें?

आतां गिरडच्या टेकडीकडे वळूं. तेथील सुपारी कधीं किडत नाहीं, कुजत नाहीं. पण ती अडकित्त्यांत कातरतां येत नाहीं. त्या व्यापाऱ्यांचा माल दगड होऊन शाश्वत झाला, तेव्हांच तो त्यांच्या उपयोगाचा उरला नाहीं. त्यांचा संसार पुन्हां चालू झाला तो वाळक्या पाल्यापासून झालेल्या नव्या मालानें. घरच्या चित्रांचेंही तसेंच आहे. टिकावयाचें तें चित्र, तबकडी नव्हे. आणि चित्र टिकतें तें पुनःपुन्हां उतरवून घेतल्यानें. आपल्या पूर्वजांनीं पोथ्या राखल्या त्या याच रीतीनें. एका पिढीचा कागद जीर्ण होण्यापूर्वींच दुसरी पिढी नक्कल करावयास बसे. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या प्रती काढून वाटण्याचा अधिकार कायद्यानें आपणांस नाहीं. परंतु घरचें लग्न, घरची बारसें, घरचे आवाज हे आपलेच आहेत. त्यांच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं असाव्या, आणि दर चार-पांच वर्षांनीं एखाद्या दिवाळींत त्या उघडून, पाहून, नव्या साधनावर उतरवाव्या.

त्या दुपारीं पेटीच्या तळाशीं असलेल्या तारखांच्या तबकड्या आम्हीं आधीं बाहेर काढल्या. एकंदर नऊ होत्या; सहा चालल्या, तीन चालल्या नाहींत. सहाव्या तबकडींत त्याचे वडील अंगणांत उभे राहून कोणास तरी हांक मारीत होते. विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. त्यानें संगणक उघडला आणि नक्कल करावयास सुरुवात केली.