वैद्यकीय नोंदींतील पृच्छा
अमेरिकी रुग्णालयांत केसपेपरमधील संदिग्ध वा अपुऱ्या नोंदीबाबत नोंद-तज्ज्ञाने उपचार करणाऱ्या डॉक्टरला विचारलेला औपचारिक प्रश्न. तेथे त्याला ‘क्वेरी’ म्हणतात. उदा., रक्तातील सोडियम १२२, त्यावर सलाईन चालू, पण निदान लिहिलेलेच नाही. अशा वेळी तपासण्यांचे आकडे मांडून निदान विचारावे; उत्तर सुचवू नये, बिलावरील परिणामही सांगू नये. अहिमा व अ‍ॅकडिस या संस्थांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार तोंडी पृच्छेलाही हेच नियम लागू आहेत. खरा धोका तिच्यातच अधिक : वॉर्डात उभ्याउभ्या झालेल्या बोलण्याचा मागमूस उरत नाही. म्हणून विचारलेले शब्द, दाखवलेल्या तपासण्या, तारीख आणि मिळालेले उत्तर लगेच नोंदवावे. डॉक्टरने नुसते ‘हो’ म्हणणे पुरत नाही; निदान केसपेपरात त्याने स्वतः लिहिल्यावरच त्याचे कोडिंग, म्हणजे त्याला बिलासाठीचा संकेतांक देणे, करता येते.