गोळी दिली, पण पोटात गेली का? व्यसनमुक्तीच्या संशोधनात अशी होते खातरजमा

दारू किंवा अफू-हेरॉईनसारखी नशा सोडवण्याचं औषध 'लागू पडलं नाही' असं अनेकदा ऐकू येतं. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. रुग्णाने ते घेतलं होतं का? औषधांच्या चाचण्यांमध्ये या प्रश्नाला फार महत्त्व आहे. गोळ्या घरी तशाच पडून राहिल्या, तर चांगलं औषधही कागदावर नापास ठरतं.

605 जणांचा अनुभव

डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं जुनं औषध. ते घेऊन दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. या भीतीने माणूस दारूपासून लांब राहतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 605 पुरुषांवर त्याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण दारूबंदी पाळण्यात औषध गट आणि इतर गट यांत विशेष फरक दिसला नाही. मात्र गोळ्या नियमित घेणारे जेमतेम 20 टक्केच निघाले.

तपासण्याच्या पद्धती

विचारणे : सर्वात सोपं, पण सर्वात कच्चं. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून रुग्ण 'घेतो की' म्हणून मोकळा होतो.

गोळ्या मोजणे : उरलेल्या गोळ्या परत आणायला सांगतात. पण तपासणीला येताना वाटेत गोळ्या फेकून दिल्या तरी हिशोब बरोबर जुळतो.

लघवीतील खूण : गोळीत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, मिसळतात. अतिनील दिव्याखाली अशी लघवी पिवळसर-हिरवी चमकते. वरच्या अमेरिकन चाचणीत हीच युक्ती वापरली होती. अर्थात बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली तरी लघवी चमकू शकते. शिवाय फक्त तपासणीच्या दिवशी गोळी घेणाराही यातून सुटतो.

इलेक्ट्रॉनिक झाकण : बाटली कधी उघडली, याची तारीख-वेळ झाकणातली चिप नोंदवते. गोळी गिळली की नाही, हे तिला कळत नाही.

समोर गोळी देणे : नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी नॅकोच्या ओएसटी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन असंच देतात. गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत कर्मचारी समोर थांबतात. खात्री पक्की, पण रुग्णाला रोज हेलपाटा.

महिन्याचं इंजेक्शन : नाल्ट्रेक्झोन रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा टोचता येतं. अमेरिकेत त्याला दारूसाठी 2006 मध्ये, तर अफूजन्य नशेसाठी 2010 मध्ये मान्यता मिळाली. यात रोजच्या गोळीची भानगडच उरत नाही.

घरच्यांची साथ

मुंबईत 100 पुरुषांवर झालेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घ्यायला लावणारा आणि तपासणीला सोबत येणारा घरचा माणूस असलेल्यांनाच त्यात घेतलं होतं. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्झोन. वर्षअखेर डायसल्फिराम गटात दारूपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. अमेरिकेत फिकं पडलेलं औषध इथे उपयोगी दिसलं. मात्र कोणती गोळी मिळते, हे इथे रुग्णांना माहीत होतं. त्यामुळे दोन्ही अभ्यासांची सरळ तुलना करता येत नाही.

फक्त घेणाऱ्यांनाच मोजलं तर?

तेही चुकीचं. 1986 च्या चाचणीत तिन्ही गटांत, म्हणजे नुसतं जीवनसत्त्व मिळालेल्यांतही, गोळी नेमाने घेणारेच जास्त प्रमाणात दारूपासून दूर राहिले. ज्याचा निर्धार पक्का, तो गोळीही घेतो आणि दारूही टाळतो. म्हणून संशोधक आधी सर्वांचा हिशोब मांडतात, घेणाऱ्यांचा वेगळा दाखवतात.

घरात काय लक्षात ठेवावं

काही घरांत डायसल्फिराम रुग्णाच्या नकळत जेवणात किंवा चहात मिसळतात. हे जिवावर बेतू शकतं. माणूस बेसावध दारू पितो आणि रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही साधारण 14 दिवस हा धोका राहतो. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाला सांगूनच द्यावं. गोळी चुकली असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. नाहीतर न घेतलेल्या औषधालाच निकामी ठरवून उपचार बदलले जातात.