जेऊरचे ग्रहण आणि पुण्याची काच

गुरू सिंह राशीत आला की त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो, ग्रहण लागले की कुशावर्तावर स्नानाला गर्दी होते. आकाशाचा हिशेब तिथे फार जुना. पण पंचांग ग्रहणाची वेळ सांगते, ग्रहणात सूर्य कसा दिसला हे नाही. ते छायाचित्राच्या काचेवर टिपणाऱ्यांत आपल्याकडे पहिला मान पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना द्यायला हवा. २२ जानेवारी १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला त्यांनी आपली उपकरणे मांडली. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात काच चढवायची, प्रकाश मोजून द्यायचा, झाकायची, दुसरी चढवायची. हात चुकला तर सूर्य थांबत नाही.

यात आपले ते काय, असे कोणी म्हणेल. पुण्यातल्या त्यांच्या वेधशाळेची २० इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रबची, पैसा भावनगरच्या महाराजांचा आणि सरकारचा. जेऊरलाच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन आलेले. सगळे खरे. पण उसन्या यंत्रामागची नजर उसनी नव्हती. मृगातल्या तेजोमेघाची मुख्य वर्णरेषा लॉकियरसारखा दबदब्याचा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मॅग्नेशियमशी जोडत होता. मॅग्नेशियमची असती तर ती एका बाजूला पुसट दिसायला हवी होती; ती रेषा पुसट नसून रेखीव आहे, असे नायगमवालांनी १८९१ मध्ये नोंदवले. लंगडी बाजू निराळीच: वेधशाळा एका माणसावर उभी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, ती बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.