पिवळ्याला जर्द, बहिऱ्याला ठार

आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरला मुक्कामी येते. तेव्हाचं वर्णन करायला बसलं, की टोप्या पांढऱ्याशुभ्र होतात, तुळशी हिरव्यागार आणि बुक्का काळाकुळकुळीत. विशेषण आपलं शेपूट घेऊनच येतं, आणि ही शेपटं अदलाबदल करू देत नाहीत. ‘लालशुभ्र’ म्हणून पाहा!

ही शेपटं आली कुठून? सगळ्यांचं मूळ सांगता येत नाही, पण काहींची कुळी स्पष्ट आहे. शुभ्र म्हणजे संस्कृतात पांढरा. थंडगारातला गार म्हणजे थंडच. जर्द हा फारसी शब्द, त्याचाही अर्थ पिवळा. म्हणजे पिवळाजर्द हा दोन भाषांतला एकच रंग. पुणे परगणा आधी निजामशाहीत, मग आदिलशाहीत होता. कचेरीत फारसी, घरात मराठी. कागदपत्र, बाजारहाट हे जोडशब्दही अशाच शेजारातले. एकाच अर्थाचे दोन शब्द चिकटले, की अर्थ दुप्पट होत नाही, गडद होतो. कडूजहरमधला जहर, म्हणजे विष, हाही फारसीच. फक्त तिथे अर्थ सारखा नाही, तिथे चव थेट जिवावर बेतते.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दप्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दप्तर बदललं असेल. हळद मात्र पिवळीजर्दच राहिली.

इंग्रजी निबंध लिहिताना आपली मुलं अडखळतात ती इथेच. सगळ्याला ‘व्हेरी’ लावलं की झालं, असं त्यांना वाटतं, आणि मग ‘व्हेरी एक्सलंट’ जन्माला येतं. एक्सलंटमध्ये ‘फार’ आधीच आहे, त्याला वर आणखी ‘फार’ कशाला? इंग्रजीतही जोड्या ठरलेल्या आहेत: काळ्याला ‘पिच’ म्हणजे डांबर, बहिऱ्याला ‘स्टोन’ म्हणजे दगड. आपला बहिरा मात्र ठार असतो, आणि वेडाही.

‘व्हेरी’ स्वतः जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’ होता. वापरून वापरून त्यातलं खरेपण गेलं, जोर तेवढा उरला. ‘टेरिफिक’मधली दहशत अशीच विरली. आपल्याकडे भयंकर त्याच वाटेनं गेला: पुरणपोळी भयंकर आवडते, कुणी घाबरत नाही. जबरदस्त म्हणजे मुळात ज्याचा हात वरचा तो. आता भेळही जबरदस्त असते.