अरुंधतीचं दुसरं लग्न आणि आपली विसरलेली रीत

मंडळी, आजचा विषय टीव्हीवरच्या मालिका आहे हे कळल्यावर इथल्या एकदोघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस हे काहून पाह्यते?" पाहतो बाप्पा! निवृत्तीनंतर तर नेमानं पाहतो. त्यातही एकच गोष्ट दोन-तीन भाषांत पाहायची मला आवड आहे. कोणी काय बदललं, हे ताडून पाहण्यात मोठी गंमत असते.

आशियात अशा गोष्टी फार फिरतात. योको कामिओ यांची 'हाना योरी दांगो' ही चित्रकथा जपानात १९९२ साली सुरू झाली. तिच्यावर तैवाननं २००१ साली मालिका केली, जपाननं २००५ साली आणि कोरियानं २००९ साली. श्रीमंतांच्या शाळेत आलेली साध्या घरातली मुलगी तीच, पण प्रत्येक देशातल्या चाहत्याला आपलीच खरी वाटते.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१९ साली बंगालीत 'श्रीमयी' आली. त्याच वर्षी डिसेंबरात मराठीत 'आई कुठे काय करते!' सुरू झाली आणि २०२० साली हिंदीत 'अनुपमा'. बंगाली घर मराठीत देशमुखांचं झालं, हिंदीत गुजराती शहांचं. घरासाठी राबलेली बाई, नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण, घटस्फोट आणि पुढे दुसरा जोडीदार, हा कणा मात्र तोच राहिला.

यात नवल नाही. देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, पुलंनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली. काश्मीरच्या भट्टनायकानं हजार वर्षांपूर्वी याला 'साधारणीकरण' असा शब्द दिला. रंगमंचावरचं दुःख त्या एका पात्राचं राहत नाही, ते सर्वांचं होतं. म्हणून प्रेक्षक ते चाखू शकतो. श्रीमयीची अरुंधती होते ती अशी.

पण एका ठिकाणी हे साधारणीकरण अडतं. अरुंधती रडते तोवर सगळे तिच्या बाजूनं असतात. तिच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघाली, की हाच प्रेक्षक म्हणतो, "आपल्यात असं नसते." मला थांबायचं आहे ते या वाक्यापाशी.

आपल्यात खरंच नव्हतं का? आपल्या भाषेलाच विचारा. 'काडीमोड' हा शब्द कोर्टानं दिलेला नाही. काडी मोडून नवरा-बायकोचं नातं संपवायची रीत होती, तिचा तो शब्द. 'पाट लावणे' म्हणजे बाईचं दुसरं लग्न. वऱ्हाडातच नव्हे, महाराष्ट्रभर कष्टकरी जातींत ही रीत चालत होती. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, १८९३ साली कर्व्यांनी पुनर्विवाह केला आणि पुण्यात खळबळ माजली. ती खळबळ वरच्या जातींतली होती. शेतात राबणाऱ्या बाईला पाटासाठी कायद्याची वाट पाहावी लागली नव्हती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंसुद्धा कलम २९ मध्ये रूढीनं चालत आलेला काडीमोड राखून ठेवला.

मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. पाटाला पहिल्या लग्नाचा मान नव्हता, आणि त्यात बाईला नेहमी विचारलं जाई असंही नाही. पण वाट होती. मग ती बुजली कशी? घर वर चढू लागलं, हाती पैसा आणि शिक्षण आलं, की ते वरच्यांच्या रीती उचलतं. समाजशास्त्रज्ञ श्रीनिवास याला 'संस्कृतीकरण' म्हणतात. पाट बंद करणं हे प्रतिष्ठेचं लक्षण झालं. दोन-तीन पिढ्यांत आपण ती रीत विसरलो आणि उसन्या रीतीलाच आपली परंपरा म्हणू लागलो.

ही चर्चा नुसत्या मालिकेची असती, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आपल्या या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती तरुण बाया एकट्या पडल्या, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं थांबलं, हे मोठंच काम. पण त्यापुढचा प्रश्न तिच्या उरलेल्या आयुष्याचा आहे. तो निघाला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, आपल्यात असं नसते.

तेव्हा त्या माणसाला आपल्या आजीची भाषा ऐकवा. काडीमोड आणि पाट, हे दोन्ही शब्द आपलेच आहेत.